थंड पाण्याचा जमाखर्च

इंग्लिश खाडी पोहून गेलेल्या माणसाविषयी वर्गात सांगू लागले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती किलोमीटर?’ दुसरा प्रश्न, ‘किती तास?’ पाणी किती थंड होते हे सहसा कोणी विचारत नाही. १९५८ मध्ये मिहिर सेन यांनी आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी ही खाडी पार केली, एवढी माहिती आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत असते. त्या पाण्याचे तापमान ऐन उन्हाळ्यातही १५ ते १८ अंश सेल्सियसच्या आसपासच राहते, हे मात्र त्यात नसते. खरे तर लांब पल्ल्याचा जलतरणपटू समुद्रात अंतर कापता कापता सतत एक हिशेब सांभाळत असतो. शरीरात निर्माण होणारी उष्णता ही जमा आणि पाण्यात निघून जाणारी उष्णता हा खर्च. हा जमाखर्च समजून घ्यायचा तर अमेरिकेच्या लिन कॉक्स हिच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण आम्हाला तरी दुसरे ठाऊक नाही.

लिनचा जन्म १९५७ चा, बॉस्टनचा. मुलांना पोहण्याचे चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी आपले बिऱ्हाड थेट कॅलिफोर्नियात हलवले. तिथे डॉन गॅम्ब्रिल हे ऑलिंपिक खेळाडू घडवणारे प्रशिक्षक होते. त्यांच्या तलावात लिन मन लावून सराव करायची, पण शर्यतीत मागे पडायची. अंगाने ती भरलेली होती. तलावातल्या शंभर मीटरांच्या शर्यतीत घड्याळ सेकंदाचे भाग मोजते आणि तिथे या अंगलटीचा काही उपयोग नव्हता. गॅम्ब्रिल यांच्या नजरेतून मात्र एक गोष्ट सुटली नाही : अंतर वाढत जाई तसतशा इतर मुली दमत आणि ही दमत नसे. त्यांनी तिला समुद्रात पोहून पाहायला सुचवले. एखाद्या विद्यार्थ्याला ‘तुला हे जमत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘तुझी जागा दुसरीकडे आहे’ असे सांगणारा शिक्षक भेटणे हा नशिबाचा भाग म्हणायचा.

१९७१ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, ती आणि तिचे काही किशोरवयीन सोबती कॅटलिना बेट आणि कॅलिफोर्नियाचा किनारा यांमधली खाडी १२ तास ३६ मिनिटांत पोहून गेले. पुढच्याच वर्षी, पंधरा वर्षांची असताना, तिने इंग्लिश खाडी ९ तास ५७ मिनिटांत पार केली. पुरुष आणि स्त्रिया या दोघांच्याही तोवरच्या विक्रमांपेक्षा ही वेळ कमी होती. तो विक्रम लवकरच मोडला गेला, तेव्हा १९७३ मध्ये ती परत गेली आणि ९ तास ३६ मिनिटे अशी नवी वेळ नोंदवून आली.

इथे समुद्रातल्या अंतराबद्दल एक खुलासा केला पाहिजे, कारण तो गणिताच्या शिक्षकांच्या उपयोगाचा आहे. इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद ठिकाणी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे, पण कोणीही माणूस तिथे सरळ रेषेत पोहत नाही. भरतीचा प्रवाह काही तास एका बाजूला ढकलतो आणि ओहोटीचा प्रवाह पुढचे काही तास दुसऱ्या बाजूला. त्यामुळे नकाशावर पोहण्याचा मार्ग इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा उमटतो. नदी ओलांडणाऱ्या होडीचे सदिश बेरजेचे जे उदाहरण आपण शिकवतो, तेच हे. फक्त इथे नदीची दिशा दर सहा तासांनी उलटते. १९७५ मध्ये लिन न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पोहायला उतरली, तेव्हा पाच तास पोहल्यानंतर तिच्या लक्षात आले की निघताना समोरचा किनारा जेवढा दूर होता त्याहून आता अधिक दूर आहे! तरीही ती पोहत राहिली. रेडिओवरून बातम्या जात होत्या, देशभरातून लोक तिला धीर देणारे निरोप पाठवत होते. १२ तास आणि दोन-अडीच मिनिटांनी ती पलीकडे पोचली. ही सामुद्रधुनी पोहून जाणारी ती पहिली स्त्री. (याच सामुद्रधुनीत फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्याच्या रोहन मोरे याने जगातल्या सात अवघड सागरी मार्गांचा ‘ओशन्स सेव्हन’ हा संच पुरा केला आणि तसे करणारा तो पहिला आशियाई ठरला.)

प्रवाहाचे हे झाले. आता थंडीकडे वळू.

वीस अंशांच्या हवेत आपण साध्या कपड्यांत आरामात बसतो. वीस अंशांच्या पाण्यात मात्र थोड्याच वेळात हुडहुडी भरते. तापमान तेच, मग फरक कशाचा? स्थिर पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. शिवाय एक लिटर पाणी एक अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापेल. हवेत आपल्या त्वचेलगत एक उबदार थर तयार होतो आणि तो काही काळ टिकतो. पाण्यात तो थर तापवता तापवताच माणूस थकतो, आणि पोहणाऱ्याच्या अंगावरून तर पाणी सतत वाहून जात असते.

या उष्णतेच्या वाटेत उभा राहणारा एकच मोठा बांध शरीराजवळ असतो, तो म्हणजे त्वचेखालची चरबी. चरबीची उष्णतावाहकता साधारण ०.२ वॅट प्रति मीटर प्रति अंश, म्हणजे स्नायूंच्या निम्म्याहून कमी. आता नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना करता येईल असे गणित मांडू. उष्णतेचा प्रवाह म्हणजे वाहकता गुणिले क्षेत्रफळ गुणिले तापमानातला फरक भागिले थराची जाडी. शरीराचे क्षेत्रफळ १.८ चौरस मीटर धरू. आत ३७ अंश, बाहेर ५ अंश, म्हणजे फरक ३२ अंशांचा. चरबीचा थर सरसकट १ सेंटीमीटर असेल तर उत्तर येते ११५२ वॅट. थर अर्धा सेंटीमीटर असेल तर २३०४ वॅट. आणि अडीच सेंटीमीटर असेल तर फक्त ४६१ वॅट.

खर्चाची बाजू कळली. जमेच्या बाजूला काय आहे? स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता निर्माण करतो. जोमाने दीर्घकाळ पोहणारा माणूस ७०० ते ८०० वॅटपर्यंत जातो. पोहणे ही फार उधळी क्रिया आहे. खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पुढे जाण्यासाठी दहावा हिस्सासुद्धा कामी येत नाही आणि बाकी सारी उष्णता होते. एरवी ही उधळपट्टी आपण दोष मानली असती. थंड पाण्यात तीच जीव वाचवते.

आता वजाबाकी करू. एक सेंटीमीटर थराच्या माणसाची जमा ७५०, खर्च ११५२, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ४०० ज्यूलची तूट. ७० किलो वजनाचे शरीर एक अंशाने थंड व्हायला सुमारे २४५ किलोज्यूल जावे लागतात. भागाकार केला तर दर दहा मिनिटांना एक अंश! शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की वैद्यकदृष्ट्या धोक्याची पातळी सुरू होते : बोलणे अडखळते, विचार मंदावतात, हातपाय ऐकेनासे होतात. म्हणजे या माणसाजवळ वीस-पंचवीस मिनिटे आहेत. अडीच सेंटीमीटर थराच्या माणसाचा हिशेब मात्र, तो पोहत आहे तोवर, शिलकीत राहतो. तो थांबला की जमा ७५० वरून घसरते आणि खर्च तसाच चालू राहतो. म्हणूनच थंड पाण्यातले जलतरणपटू खाण्यापिण्यासाठीसुद्धा फार थांबत नाहीत.

हे गणित ढोबळ आहे, हे सांगायलाच हवे. चरबी सगळीकडे सारखी नसते. रक्त हा उष्णता वाहून नेणारा स्वतंत्र प्रवाह आहे, आणि तो चरबीला ओलांडून थेट त्वचेपर्यंत जातो. पोहताना हातांना रक्त पुरवावेच लागते आणि हातांवर चरबी कमी असते. तरीही गणिताचा रोख बरोबर आहे. गावच्या विहिरीत पोहणाऱ्या पोरांमध्ये लुकड्यांचेच ओठ आधी निळे पडतात, ते याच कारणाने. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विरुद्ध जाते : शरीर जितके लहान तितके वजनाच्या मानाने क्षेत्रफळ जास्त. थंडीच्या दिवसांत मुलांना पोहायला नेणाऱ्या शिक्षकांनी कुडकुडणाऱ्या मुलाला ‘अजून दोन फेऱ्या मार, अंग तापेल’ असे सांगू नये, एवढे तरी या गणितातून नक्की निघते.

चरबीचा हा गुण वर्गात दाखवता येतो. प्लॅस्टिकची एक पिशवी दुसरीत घालून मध्ये वनस्पती तुपाचा जाड थर भरावा. दुसऱ्या हातासाठी तशाच दोन पिशव्या तूप न भरता घ्याव्यात. दोन्ही हात बर्फाच्या पाण्यात बुडवून कोणता हात आधी बाहेर काढावासा वाटतो ते पाहावे. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ मात्र नको. जलतरणपटू अंगाला चरबी किंवा व्हॅसलीन फासतात त्यानेही असेच संरक्षण मिळते, असा एक समज आहे. तो खरा नाही. फासलेला थर फार पातळ असतो आणि धुपूनही जातो. मान, काखा, मांड्या अशा ठिकाणी खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटू नये, हा त्याचा खरा उपयोग.

आता पुन्हा लिनकडे. सत्तरच्या दशकात सांता बार्बारा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी तिच्या चाचण्या घेतल्या. त्यांत बार्बारा ड्रिंकवॉटर या शरीरक्रियाशास्त्रज्ञ होत्या (आडनाव निव्वळ योगायोग!). लिनच्या शरीरात चरबीचे प्रमाण जवळपास ३५ टक्के होते, आणि मुख्य म्हणजे ती अंगभर सारखी पसरलेली होती. तिच्या शरीराची घनता समुद्राच्या पाण्याइतकीच भरली. हेही गणिताने पडताळता येते. चरबीची घनता ०.९ आणि उरलेल्या शरीराची १.१ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर धरली, तर ३५ टक्के चरबीच्या शरीराची घनता येते १.०२. समुद्राच्या पाण्याची साधारण १.०२५. चरबी २२ टक्के असेल तर घनता १.०५ होते, आणि अशा शरीराला तरंगत राहण्यासाठी काही ऊर्जा खर्चावी लागते. लिनला वर राहण्यासाठी फारसे काही करावे लागत नव्हते. तिची जवळपास सगळी ताकद पुढे जाण्यासाठी मोकळी होती. तलावात जी अंगलट अडचणीची ठरत होती, ती समुद्रात तिचे भांडवल झाली.

तरी नुसत्या चरबीवर सगळे भागत नाही. थंडी जाणवताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि गरम रक्त आतच ठेवले जाते. बहुतेकांच्या हातांत थोड्या वेळाने या वाहिन्या पुन्हा सैल होतात, परत आवळतात, परत सैल होतात, आणि दर वेळी थोडी उष्णता निसटते. वर्षानुवर्षे थंड पाण्यात राहिलेल्यांचे शरीर हे दार अधिक घट्ट लावायला शिकते. लिन तर हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून, पांघरुणाशिवाय झोपायची. लंडनमध्ये विल्यम कीटिंग हे डॉक्टर अशा माणसांचा अभ्यास करत होते. मार्च १९८४ मध्ये आइसलंडजवळ एक मच्छीमार बोट उलटली. बावीस वर्षांचा एक मच्छीमार पाच-सहा अंशांच्या पाण्यातून पाच तासांहून जास्त पोहून किनाऱ्याला लागला. त्याचे सोबती वाचले नाहीत. कीटिंग यांनी त्याच्यावर प्रयोगशाळेत चाचण्या केल्या. तो उंच, वजनदार होता आणि त्याच्या त्वचेखाली चरबीचा जाड थर होता. लिनचा अभ्यास करणारे डॉक्टरही हेच.

लिनच्या मनात तेव्हा एक वेगळीच कल्पना घोळत होती. अलास्का आणि सायबेरिया यांच्यामधल्या बेरिंगच्या सामुद्रधुनीत दोन बेटे आहेत : अमेरिकेचे धाकटे डायोमीड आणि तेव्हाच्या सोव्हिएत संघाचे थोरले डायोमीड. दोहोंत चार किलोमीटरही अंतर नाही. मधून दोन महासत्तांची सरहद्द जाते आणि आंतरराष्ट्रीय वाररेषाही. म्हणजे एका बेटावर आज असताना समोर दिसते ते उद्याचे बेट. शीतयुद्धात, १९४८ पासून, ही सरहद्द बंद होती आणि दोन्हीकडे विभागलेल्या स्थानिक कुटुंबांनाही एकमेकांना भेटता येत नव्हते. इथून पोहून जाण्याची परवानगी मागत लिनने अकरा वर्षे पत्रे लिहिली. अगदी दिवस तोंडावर आला तेव्हा मॉस्कोहून होकार आला.

७ ऑगस्ट १९८७ रोजी ती धाकट्या डायोमीडवरून पाण्यात उतरली. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि चष्मा. रबरी पोशाख नाही, वंगण नाही. पाणी सुरुवातीला सहा-सात अंशांचे होते. पलीकडच्या बेटाकडे जाताना ते तीन-चार अंशांवर आले. तिने तापमान मोजणारी एक कुपी गिळली होती आणि तिचे संदेश सोबतच्या कातडी होडीतून टिपले जात होते. ठरावीक वेळाने ती उताणी होऊन डॉक्टरांना मोजमाप घेऊ द्यायची. धुके होते आणि प्रवाह उत्तरेकडे ओढत होता. दोन तासांहून थोड्या अधिक वेळात, सुमारे ४.३ किलोमीटर पोहून, ती दुसऱ्या दिवसात जाऊन पोचली. जवळच्या खडकाला हात लावून पोहणे संपवता आले असते. पण जिथे सोव्हिएत माणसे स्वागताला उभी होती, तिथवर पोहत जायचे तिने ठरवले, आणि त्यासाठी त्या पाण्यात आणखी काही वेळ घालवला. आमच्या मते सगळ्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा धोका तिने तिथे पत्करला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मिखाइल गोर्बाचेव्ह अण्वस्त्रांविषयीच्या करारासाठी वॉशिंग्टनला गेले, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात लिनचे नाव घेऊन सांगितले की या दोन देशांमधले अंतर पोहायला एका धाडसी अमेरिकन स्त्रीला फक्त दोन तास लागले.

किनाऱ्यावर पाय ठेवला म्हणजे सुटका झाली, असे मात्र नसते. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या गाभ्याचे तापमान काही काळ उतरतच राहते. बाहेरचे थर इतके थंड झालेले असतात की आतली उष्णता त्यांच्याकडे वाहत राहते. शिवाय पोहणे थांबल्याने जमेची बाजू कोसळलेली असते. याचाही प्रयोग सोपा आहे. एक मोठा उकडलेला बटाटा पन्नास अंशांच्या पाण्यात ठेवून मधोमध तापमापी खुपसावी. मग तो पाच मिनिटे बर्फाच्या पाण्यात धरावा आणि परत पन्नास अंशांच्या पाण्यात टाकावा. गरम पाण्यात जाऊनही तापमापीतला पारा काही वेळ खालीच जात राहील. लिनला थोरल्या डायोमीडवर तंबूत नेऊन गरम पाण्याच्या पिशव्यांनी शेकावे लागले, ते याच कारणाने. गारठलेल्या माणसाला ब्रँडी पाजण्याची पद्धत तर या विज्ञानाच्या नेमकी उलट आहे. मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या सैलावतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

१५ डिसेंबर २००२ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लिन अंटार्क्टिकात शून्य अंशाच्या पाण्यात उतरली. समुद्राचे पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठते, म्हणून शून्य अंशाला ते द्रवच असते. असे पाणी पहिल्या मिनिटातच घात करू शकते. एकदम थंडी लागताच माणूस नकळत जोराने श्वास आत ओढतो. त्या वेळी तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्याने बुडतो. थंड पाण्यातले बरेच मृत्यू गारठून नव्हे तर असे होतात. त्यातून निभावले तर मग हातांच्या मज्जातंतूंचे काम मंदावते, बोटे फाकतात आणि पाणी मागे रेटता येत नाही. लिन २५ मिनिटांत सुमारे १.७ किलोमीटर पोहून किनाऱ्याला लागली. या पोहण्यावरचे तिचे पुस्तक २००४ मध्ये निघाले.

पुढे, आईवडिलांच्या निधनानंतर, तिच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले आणि डॉक्टरांनी पोहणे बंद करायला सांगितले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पुस्तकात तिने या दिवसांविषयी लिहिले आहे. समुद्रात जाता येत नव्हते, तेव्हा ती स्वयंपाकघरातल्या मोरीत पाणी भरून त्यात नुसते हात बुडवायची आणि पोहताना जसे पाणी कापतो तसे ते हळूहळू हलवायची.